भांडवली नफ्यावरील कर आणि बेताच्या प्राप्तीचीं माणसें

१९४७ सालच्या फेब्रुवारी महिन्याची २८ वी तारीख. नव्या दिल्लींत मध्यवर्ती कायदेमंडळाची बैठक भरली होती, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणें सायंकाळीं पांच वाजतां हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान अंदाजपत्रकाचें भाषण वाचण्यास उभे राहिले. त्या भाषणांतील जी गोष्ट दुसऱ्या दिवशीं घरोघर बोलली गेली ती मिठासंबंधींची होती. ज्या करासाठीं १९३० सालीं महात्मा गांधी साबरमतीहून दांडीपर्यंत पायीं चालत गेले, तो मिठावरील कर काढून टाकण्याचें त्या दिवशीं जाहीर झालें. स्वयंपाकघरांत मिठाची आठवण राहिली. मुंबईच्या शेअरबाजारांत आणि कलकत्त्याच्या पेढ्यांवर मात्र त्याच भाषणांतील दुसऱ्या कांहीं कलमांनीं झोंप उडविली. त्यांपैकीं एक कलम अगदीं नवीन होतें. भांडवली मालमत्ता विकून जो नफा होईल त्यावर हिंदुस्थानांत प्रथमच कर बसविण्याची सूचना त्यांत होती.

हा कर म्हणजे नेमकें काय, हें समजण्यास एक साधें उदाहरण पुरेसें आहे. एखाद्या गृहस्थानें गिरगांवांत वीस हजार रुपयांस एक घर घेतलें असें समजा. त्याचें जें भाडें येतें तें त्याचें उत्पन्न. त्यावर प्राप्तीवरील कर पूर्वींपासून होताच. कांहीं वर्षांनीं तेंच घर त्यानें साठ हजारांस विकलें, तर मधले चाळीस हजार रुपये कोणत्या सदरांत घालावयाचे? इंग्लंडांतील कायदेपंडितांचें उत्तर ठरलेलें होतें. झाड वेगळें आणि झाडाचें फळ वेगळें. कर घ्यावयाचा तो फळावर. झाड विकून आलेला पैसा म्हणजे झाडच, त्याचें केवळ रूप पालटलें. १९३२ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें शॉ वॉलेस कंपनीच्या दाव्यांत हिंदी कायद्याचा अर्थ लावतांना फळझाडाचा हाच दृष्टांत पुढें केला, आणि ठराविक उगमापासून नियमितपणें हातीं येणारी प्राप्ति तेंच उत्पन्न, असें त्या शब्दाला कुंपण घालून दिलें. अमेरिकेनें मात्र १९१३ च्या कायद्यापासून असा नफा उत्पन्नांतच जमेस धरला होता. खुद्द ब्रिटननें हा कर आपल्या घरीं रीतसर लागू केला तो १९६५ सालीं. ज्या देशापासून हिंदुस्थाननें करपद्धति उसनी घेतली, त्याच्या अठरा वर्षें आधीं हिंदुस्थान ह्या वाटेनें गेला, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

कर बसविणें ही एक गोष्ट, आणि तो कोणास माफ करावयाचा हें ठरविणें ही दुसरी. आणि दुसरी पहिलीपेक्षां अवघड. हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर १८६० सालीं जेम्स विल्सन यानें आणला, तो १८५७ च्या बंडानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्याकरितां. त्या वेळीं वर्षाला दोनशें रुपयांच्या आंतील प्राप्तीस माफी होती. १८८६ च्या कायद्यानें ही रेघ पांचशेंवर नेली. १९०३ सालीं ती एक हजार झाली आणि पहिलें महायुद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, दोन हजार. पुढें जगांत मंदी आली तेव्हां, १९३१ सालीं, ती पुनः एक हजारावर उतरली. कारकून, मास्तर, लहान दुकानदार ह्यांचें वर्षाचें गणित ह्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे खात असे. सरकारची गरज वाढली कीं रेघ खालीं सरकावयाची आणि जरा बरे दिवस आले कीं वर. ‘अल्प प्राप्तीचा माणूस’ कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या माणसाच्या चुलीकडे पाहून क्वचितच दिलें गेलें; तें बहुधा तिजोरीकडे पाहूनच दिलें गेलें.

दुसऱ्या महायुद्धानें ह्या गणितांत एक नवीनच आकडा घातला. लष्करी मागण्यांनीं गिरण्या रात्रंदिवस चालल्या, भाव चढत गेले, नोटांचा सुळसुळाट झाला. कारखानदारांच्या व व्यापाऱ्यांच्या नफ्यावर १९४० सालीं जादा नफ्याचा कर बसला, आणि तो चांगला कडकही होता. पण तो धंद्यांतील वार्षिक नफ्यापुरता. ज्यानें युद्धारंभीं शेअर घेऊन ठेवले आणि युद्ध संपतां संपतां विकले, किंवा शहराच्या कडेची जमीन घेऊन तिची किंमत वाढेपर्यंत स्वस्थ बसला, त्याच्या लाभास ह्या कराचें बोट लागत नव्हतें. धंद्यांतील नफासुद्धां मालमत्तेच्या रूपानें दडविलेला असे. १९४६ च्या जानेवारींत पांचशें, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द करण्यांत आल्या, त्या ह्याच दडलेल्या पैशाच्या शोधार्थ. आणि त्याच वर्षाच्या मार्चअखेर जादा नफ्याचा कर बंद झाला. दुसरीकडे, ठराविक पगारावर जगणाऱ्याच्या हातांत आलेल्या रुपयाला बाजारांत पूर्वींची किंमत उरली नव्हती. कोणी काय कमावलें आणि कोणी काय गमावलें, ह्याचा हिशेब कधींतरी मांडला जाणार हें उघड होतें.

तो मांडला गेला अशा वेळीं, कीं ज्या वेळीं हिशेबापेक्षां हिशेबनिसाच्या हेतूचीच चर्चा अधिक झाली. हंगामी सरकारांत मुस्लिम लीग १९४६ च्या ऑक्टोबरांत आली आणि अर्थखातें लियाकत अलींकडे गेलें. त्यांच्या अंदाजपत्रकांत भांडवली नफ्यावरील कराखेरीज, एक लाखावरील व्यवसायनफ्यावर शेंकडा पंचवीस असा दुसरा कर होता, आणि युद्धकाळांत ज्यांनीं कर चुकविला त्यांच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमण्याची योजना होती. त्याबरोबरच प्राप्तीवरील कराची माफीची मर्यादा दोन हजारांवरून अडीच हजारांवर जावयाची होती. संपत्ति केवळ धनिकांमध्येंच फिरत राहूं नये, ह्या कुराणांतील आज्ञेचा भाषणांत उल्लेख झाला. गरिबांचें अंदाजपत्रक असें त्याचें नांव पडलें. काँग्रेसच्या पुढाऱ्यांपैकीं कित्येकांस मात्र त्यांत गरिबांच्या कळकळीपेक्षां, काँग्रेसच्या पाठीराख्या उद्योगपतींना नेमका चिमटा काढण्याची युक्ति दिसली. गंमत अशी कीं, काँग्रेसच्या स्वतःच्या ठरावांत आर्थिक समतेची भाषा बरीच वर्षें येत होती. त्यामुळें विरोध करावा तर आपल्याच शब्दांशीं विरोध, आणि न करावा तर बाजार कोसळतो, असा पेंच पडला. हेतु शुद्ध होता कीं नव्हता, ह्याचा निवाडा राजकारणाच्या इतिहासकारांनीं करावा. कराच्या इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें इतकेंच, कीं तडजोड झाली. व्यवसायनफ्यावरील कराचा दर पंचवीस टक्क्यांवरून सोळा पूर्णांक दोन तृतीयांशावर आला. आणि भांडवली नफा पांच हजारांपर्यंत झाल्यास तो माफ, ही मूळ सूचना बदलून ती मर्यादा पंधरा हजार करण्यांत आली.

पंधरा हजार ही रक्कम त्या काळीं लहान नव्हती. ज्याची वर्षाची प्राप्ति अडीच हजार, तो प्राप्तीवरील कराच्या दृष्टीनें अल्प प्राप्तीचा. त्याच्या सहा वर्षांच्या कमाईइतका नफा एका व्यवहारांत झाला तरी त्यावर कर नाहीं, असा ह्या मर्यादेचा अर्थ होतो. तिच्यापुढें दर पायरीपायरीनें चढत. पहिल्या पायरीस रुपयामागें एक आणा आणि नफा दहा लाखांच्या वर गेल्यास पांच आणे, अशी ती शिडी होती. परंतु बेताच्या माणसास खरें संरक्षण मिळालें तें केवळ ह्या आंकड्यानें नव्हे. कायद्याच्या पोटांत तीन लहान कलमें होतीं, आणि त्यांचा घरसंसाराशीं संबंध अधिक जवळचा होता.

पहिलें कलम जुन्या किंमतीचें. मालमत्ता १९३९ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपूर्वीं घेतलेली असेल, तर खरेदीच्या किंमतीऐवजीं त्या तारखेस बाजारांत जी किंमत होती ती धरण्याची मुभा करदात्यास होती. ह्यायोगें आजोबांच्या वेळेपासूनची वाढ एकदम हिशेबांत येण्याचें टळलें. मात्र ह्या मुभेची दुसरी बाजूही आहे. १९३९ नंतरची जी वाढ, ती बरीचशी रुपयाच्या घसरणीची वाढ होती. घर तेंच, भिंती त्याच, फक्त मोजण्याचा गज आखूड झाला. ही नुसती दिसणारी वाढ आणि खरी वाढ ह्यांत कायद्यानें भेद केला नाहीं. तो भेद करावयास पुढें पंचेचाळीस वर्षें लागलीं.

दुसरें कलम घराचें. जें घर करदात्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या ताब्यांत विक्रीपूर्वीं निदान सात वर्षें होतें, त्याच्या विक्रीचा नफा करांतून वगळलेला होता. सात वर्षें मागें मोजलीं म्हणजे युद्धाच्या आरंभाच्या सुमारास येऊन पोंचतां येतें. युद्धाच्या तेजींत घरें घेऊन विकणारा सापडावा आणि वडिलोपार्जित वाडा नाइलाजानें विकणारा सुटावा, असाच ह्या आंकड्याचा परिणाम होता.

तिसरें कलम दागिन्यांचें. अंगावरचे कपडे, दागिने, घरांतील सामानसुमान, अशा स्वतःच्या वापराच्या जंगम वस्तु ‘भांडवली मालमत्ता’ ह्या व्याख्येंतूनच काढून टाकलेल्या होत्या. मुलाच्या शिक्षणाकरितां किंवा आजारपणांत पाटल्या-गोठ विकणाऱ्या गृहिणीस, सोन्याचा भाव कितीही चढलेला असला तरी, ह्या कायद्याकडे वळून पाहण्याचें कारण नव्हतें. जिच्या नांवावर ना घर ना शेअर, तिची एकुलती एक ठेव म्हणजे दागिनेच; तेव्हां तीन्ही कलमांत खऱ्या गरजेच्या ठिकाणीं पोंचलेलें कलम हेंच म्हटलें पाहिजे.

इतकें करूनही एक उणीव राहिलीच. कायद्याची नजर नफ्याच्या रकमेवर होती, नफा मिळविणाऱ्या माणसावर नव्हती. लक्षाधीशानें एका वर्षांत चौदा हजारांचा नफा मिळविला तर तो मोकळा. आणि जिला दुसरें कसलेंही उत्पन्न नाहीं अशा एखाद्या विधवेनें नवऱ्यानें युद्धकाळांत घेतलेला जमिनीचा एकुलता तुकडा विकून वीस हजार मिळविले, तर ती कराच्या रेघेंत. आणि ज्याच्याजवळ विकण्यासारखें कांहींच नाहीं, त्याला ही सूट असली काय आणि नसली काय, सारखेंच. त्याला त्या अंदाजपत्रकानें जें दिलें तें मिठाच्या रूपानें. गरिबांचें अंदाजपत्रक ह्या नांवाखालीं ज्या सवलती मोजल्या गेल्या, त्यांपैकीं भांडवली नफ्यावरील सवलत ही वस्तुतः मध्यमवर्गाची सवलत होती. असें म्हणण्यांत त्या सवलतीची निंदा नाहीं. तिचें नांव तेवढें दुरुस्त होतें.

हा कर १९४६ च्या मार्चनंतरच्या विक्रीस लागू केलेला होता. तो बसला त्याच वर्षाच्या ऑगस्टांत देशाची फाळणी झाली आणि तो बसविणारे अर्थमंत्री पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान होऊन कराचीस गेले. मागें राहिलेल्या कराला फारसा वाली उरला नाहीं. १९४९ सालीं अर्थमंत्री जॉन मथाई ह्यांनीं तो मोडीत काढला. १९४८ च्या एप्रिलपासून झालेल्या विक्रीस तो लागूं नये, असें त्या वर्षाच्या वित्तविषयक कायद्यानें ठरलें. कराचें उत्पन्न थोडें आणि भांडवलबाजारावर त्याचें दडपण मात्र मोठें, असा त्या वेळचा सूर होता. दोनच वर्षांच्या व्यवहारांना लागून हा कर संपला.

पण संपलेल्या करानेंच एक मोठा प्रश्न न्यायालयांत नेऊन ठेवला होता. मुंबईचे गिरणीमालक नवीनचंद्र मफतलाल ह्यांचा मुंबईंतील कांहीं स्थावर मिळकतींत निम्मा वांटा होता. ह्या मिळकती मफतलाल गगलभाई कंपनीस विकण्यांत आल्या, आणि त्यांच्या वांट्यास आलेला ९,३८,०११ रुपयांचा नफा प्राप्तीवरील कराच्या अधिकाऱ्यानें १९४७-४८ सालच्या आकारणींत धरला. त्यांचें म्हणणें असें, कीं १९३५ च्या कायद्यानें मध्यवर्ती कायदेमंडळास ‘उत्पन्नावर’ कर बसविण्याचा अधिकार दिला आहे, आणि झाड विकून आलेला पैसा हें उत्पन्नच नव्हे. अर्थात् कायदाच अधिकाराबाहेरचा. प्रिव्ही कौन्सिलचें कुंपण येथें पुरेपूर उपयोगी पडणार असें दिसत होतें.

मुंबईच्या उच्च न्यायालयांत हें प्रकरण मुख्य न्यायमूर्ति छगला आणि न्यायमूर्ति तेंडोलकर ह्यांच्यापुढें चाललें. दोघांनींही कायदा योग्य ठरविला, पण दोघे दोन वाटांनीं तेथें पोंचले. छगला ह्यांच्या मतें हा कर मालमत्तेच्या भांडवली किंमतीवरील करांच्या नोंदींत, म्हणजे सूचींतील ५५ व्या कलमांत, बसत होता. तेंडोलकरांनीं तो सरळ ५४ व्या, उत्पन्नाच्या, कलमांत बसविला. १ नोव्हेंबर १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जो निकाल दिला तो तेंडोलकरांच्या वाटेचा होता. न्यायमूर्ति सुधिरंजन दास ह्यांनीं असें दाखवून दिलें, कीं प्रिव्ही कौन्सिलनें बांधलेला अर्थ एका विशिष्ट कायद्यांतील शब्दापुरता होता. घटनेसारख्या मूलभूत दस्तऐवजांत आलेल्या शब्दाला तो लावून त्याचा गळा आवळतां येत नाहीं. तेथें शब्दाचा व्यापक, नेहमींचा अर्थ घ्यावयाचा, आणि नेहमींच्या अर्थानें ‘इन्कम’ म्हणजे जें घरांत येतें तें. ज्या गोष्टीसाठीं व्याकरण आणि कोश पुरे होते, तिच्यासाठीं सात वर्षें लागलीं असें कोणी म्हणेल. परंतु ह्या निकालानें झाडफळाचा वाद हिंदुस्थानापुरता मिटला, आणि रद्द झालेला कर पुनः आणावयाचा झाल्यास घटनेची आडकाठी उरली नाहीं.

आणण्याची तयारी लवकरच झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेस पैसा हवा होता. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. १९४७ सालीं लियाकत अलींच्या अंदाजपत्रकाच्या वेळीं ते मुंबईस रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, म्हणजे पहिल्या करानें उडालेला बाजारांतील गोंधळ त्यांच्या डोळ्यांसमोरचा होता. १९५६ च्या आरंभीं केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर भारतांत आले आणि त्यांनीं करपद्धतीच्या सुधारणेवर एक अहवाल सादर केला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा: प्राप्तीवरील कराचे दर कागदावर भयंकर चढवून ठेवावयाचे आणि भांडवली नफा मोकळा सोडावयाचा, म्हणजे शहाण्या माणसाला आपली प्राप्ति भांडवली नफ्याच्या पोशाखांत बाहेर काढण्याचें आमंत्रणच देणें होय. दर उतरवा, पण जाळें सर्व बाजूंनीं विणा. भांडवली नफा, संपत्ति, खर्च आणि देणगी ह्या साऱ्यांवर कर असूं द्या, म्हणजे एका कराची माहिती दुसऱ्याची खातरजमा करील.

ह्या शिफारशींवर अंमल करण्याचें काम मात्र देशमुखांच्या हातून व्हावयाचें नव्हतें. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर त्यांनीं १९५६ च्या जुलैंत राजीनामा दिला. त्यांच्या जागीं आलेले टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांनीं ३० नोव्हेंबर १९५६ रोजीं भांडवली नफ्यावरील कर पुनः आणण्याची सूचना मांडली, आणि १९५७ च्या एप्रिलपासून तो अमलांत आला. मागची उणीव ह्या वेळीं अंशतः भरून निघाली. पांच हजारांपर्यंतचा नफा माफ तर होताच; शिवाय नफा धरूनही ज्याची एकूण वार्षिक प्राप्ति दहा हजारांच्या आंत आहे, त्यालाही कर नव्हता. कायद्यानें प्रथमच रकमेबरोबर माणसाकडे पाहिलें. पण ह्याच मंत्र्यांनीं १९५७ च्या अंदाजपत्रकांत सामान्य प्राप्तीवरील कराची माफीची मर्यादा बेचाळीसशेंवरून तीन हजारांवर आणली, हेंही सांगितलें पाहिजे. संपत्तीवर व खर्चावर नवे कर बसत होते ते श्रीमंतांसाठीं. आणि त्याच दस्तऐवजांत सव्वातीनशें रुपये दरमहा मिळविणारा कारकूनही जाळ्यांत ओढला गेला. कॅल्डॉरसाहेबांचें जाळें सर्व बाजूंनीं विणलें गेलें तें असें.

१९६१ च्या आयकर कायद्यांत लहान घराचा विचार अधिक बारकाईनें झाला. पंचवीस हजारांपेक्षां अधिक किंमत न आलेलें घर, आणि विकणाऱ्याच्या सर्व घरांची मिळून किंमत पन्नास हजारांच्या आंत, अशी स्थिति असल्यास नफा माफ होता. राहतें घर विकून वर्षाच्या आंत दुसरें घेतलें, किंवा दोन वर्षांत बांधलें, तर त्या प्रमाणांत सूट होती. मुदती बदलत ही सवलत पुढें टिकून राहिली. लहान घराच्या सवलतीचे आंकडे मात्र शहरांतील भावांच्या मागें धापा टाकीत राहिले. दागिन्यांचें जुनें संरक्षण गेलें तें १९७२ च्या वित्तविषयक कायद्यानें. १९७३ च्या एप्रिलपासून दागिने ‘स्वतःच्या वापराच्या वस्तूं’तून वगळले गेले. सोन्यांत दडविलेल्या काळ्या पैशावर रोख होता हें खरें, परंतु पाटल्या विकणारी आणि लगडी सांठविणारा ह्यांना एकच माप लागूं झालें.

शेतजमिनीची कथा वेगळीच आहे. शेतजमीन प्रथमपासून भांडवली मालमत्तेच्या बाहेर होती. शहरें वाढलीं, भाताचीं खाचरें इमारतींच्या भावानें विकलीं जाऊं लागलीं, तेव्हां १९७० सालीं नगरपालिकांच्या हद्दींतील जमिनी कायद्यांत आणल्या गेल्या. १९८१ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं जमिनीवर खरोखर शेती होत असेल तर तिच्या विक्रीचा लाभ हें शेतीचें उत्पन्न ठरतें आणि केंद्राला त्यावर कर घेतां येत नाहीं. संसदेनें १९८९ सालीं कायद्यांत खुलासा घालून, तोही मागील तारखेपासून, हा निर्णय निष्फळ केला. शहरालगत जमिनी असलेल्या कित्येक कुटुंबांना जें न्यायालयानें दिलें होतें तें कायद्यानें परत घेतलें.

रुपयाची घसरण आणि खरी वाढ ह्यांतील भेद कायद्यानें ओळखला तो १९९२ सालीं. राजा चेल्लय्या ह्यांच्या समितीच्या शिफारशींनंतर, खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकानें वाढवून मग नफा मोजण्याची पद्धत आली. ज्यांनीं आयुष्यभराच्या शिलकींतून एक घर घेतलें आणि म्हातारपणीं विकलें, त्यांना ह्या पद्धतीइतकी न्याय्य सवलत दुसरी कोणतीही मिळाली नव्हती. २३ जुलै २०२४ पासून ती सर्वसाधारणपणें काढून घेण्यांत आली आणि दर साडेबारा टक्के झाला. मोठी ओरड झाली, आणि त्या तारखेपूर्वीं घेतलेल्या जमिनी व घरें ह्यांपुरता व्यक्तींना व हिंदु एकत्र कुटुंबांना जुन्या आणि नव्या रीतींपैकीं जी कमी कराची ती लागू राहील, असा मार्ग संसदेनें मोकळा ठेवला. १९४७ सालीं जसें पांचाचे पंधरा झाले, तसेंच हें.

शेअरांच्या बाबतींत २००४ पासून बाजारांतील दीर्घ मुदतीचा नफा पूर्ण माफ होता. २०१८ सालीं तो पुनः कराखालीं आला, वर्षाला एक लाखाच्या माफीसह. २०२४ सालीं ही मर्यादा सव्वा लाख झाली. येथें कायदा पुनः १९४७ च्या जागीं येऊन उभा राहिलेला दिसतो, कारण सव्वा लाखाची माफी लक्षाधीशालाही आहे आणि निवृत्त शिक्षकालाही.

खऱ्या अर्थानें अल्प प्राप्तीच्या माणसासाठीं मात्र दुसरी तरतूद होती: एकूण प्राप्ति ठराविक मर्यादेच्या आंत असल्यास देय करांतूनच सूट. २०२३ पासून नव्या पद्धतींत ही मर्यादा सात लाख होती. सात लाखांच्या आंतील प्राप्तींत थोड्या मुदतीच्या शेअरविक्रीचा नफा असेल, तर त्यावरील करासही ही सूट लागते, असें समजून अनेकांनीं पत्रकें भरलीं आणि तीं स्वीकारलींही गेलीं. ५ जुलै २०२४ रोजीं आयकर खात्याच्या संगणकप्रणालींत बदल झाला आणि त्या दिवसापासून अशा पत्रकांत ही सूट मागण्याची सोयच राहिली नाहीं. कायद्याचा एक शब्दही बदललेला नव्हता. यंत्रानें मात्र नाहीं म्हटलें. ४ तारखेला पत्रक भरणाऱ्यास सूट आणि ६ तारखेला भरणाऱ्यास नाहीं, असा प्रकार झाला. कर-सल्लागारांच्या मुंबईंतील एका जुन्या संस्थेनें जनहितार्थ अर्ज केला, आणि २०२५ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, सूट मिळावयास पात्र आहे कीं नाहीं हें कायद्याप्रमाणें ठरविण्याचा प्रश्न पुढचा. पण ती मागण्याचा मार्गच यंत्रानें बंद करणें योग्य नव्हे.

त्यानंतर कांहीं दिवसांतच २०२५ चें अंदाजपत्रक आलें. नव्या पद्धतींत बारा लाखांपर्यंतच्या प्राप्तीवर कर उरणार नाहीं अशी सूट त्यांत वाढविली गेली. आणि त्याच कायद्यांत हेंही लिहिलें गेलें कीं, विशेष दरानें कर लागणाऱ्या भांडवली नफ्याला ती मिळणार नाहीं.